बंदीचा बडगा, पुडीला अभय

शके ९८२ मधील शिवमंदिराजवळून वाहणारी अंबरनाथची वालधुनी उल्हासनगरात शिरते, तेव्हा पाण्यापेक्षा प्लास्टिकच अधिक नजरेत भरते. राज्याने २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी घातली. तिचा बडगा दिसतो तो फेरीवाल्याच्या गाडीवर. वस्तुतः दोष वापरणाऱ्याइतकाच घडविणाऱ्याचाही आहे. भंगारवाला पाण्याची बाटली आनंदाने घेतो, वेफर्सची पुडी मात्र टाकून देतो. कारण प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे एकमेकांस चिकटविलेले थर सहजी सुटत नाहीत. पुनर्वापरास अयोग्य अशी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद व्हावीत, असे केंद्राच्या २०१६ च्या नियमांत होते. २०१८ च्या दुरुस्तीने, ती जाळून ऊर्जा मिळाली तरी पुरे, अशी पळवाट ठेवली. २०२२ मध्ये उत्पादकांना पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली, हे योग्यच झाले. परंतु वेष्टन एकाच जातीच्या प्लास्टिकचे असावे, अशी सक्ती झाल्याविना ही उद्दिष्टे कागदावरच राहतील. बदलापूरच्या गृहिणीने ओला-सुका कचरा निमूटपणे वेगळा करावा आणि कारखानदाराने कोणालाच वेगळी करता न येणारी पुडी खुशाल विकावी, हा कोठला न्याय?