डोळ्यातले फूल आणि कागदावरचा आकडा

डोळा लाल झाला की मराठीत आपण 'डोळे आले' म्हणतो आणि घरातली कन्नड बोलणारी आज्जी 'कण्णु बेने' म्हणते. दोन्ही शब्द ऐसपैस आहेत. पाणी गळणारा, टोचणारा, सुजलेला कुठलाही डोळा त्यात बसतो. डोळे येण्याची साथ बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. पण बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, सुजली असेल तर तो आजार वेगळा. डॉक्टर त्याला केरॅटायटिस म्हणतात. तो बरा झाला तरी काचेवर पांढरा डाग राहू शकतो. त्या डागाला मात्र आपल्या दोन्ही भाषांनी एकच नाव दिले आहे. मराठीत 'फूल पडले', कन्नडमध्ये 'हूवु'. नाव सुंदर, पण त्या फुलामागे दृष्टी गेलेली असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीच्या आतील लोकांमध्ये अंधत्वाचे पहिले कारण कॉर्नियाचा पांढरेपणा हेच आहे.

या आजाराची एक बाजू दवाखान्यात नव्हे, कागदावर असते. आजारांना आकडे देण्याची पद्धत जुनी आहे. फ्रान्सच्या जाक बर्तिय्याँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती यादी सांभाळते. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली, तर अकरावी जानेवारी २०२२ पासून अमलात आली. आपल्याकडच्या विम्याच्या फॉर्मवर अजून दहाव्या आवृत्तीचाच आकडा मागतात.

एकाच डोळ्याचा प्रवास या आकड्यांत कसा दिसतो ते पाहा. उसाचे पाचट काढताना किंवा भाताच्या मळणीत कुसळ उडून कॉर्नियात रुतले, तर टी १५.०. नुसतेच खरचटले, तर एस ०५.०. दुर्लक्ष झाले आणि तिथे जखम चिघळून व्रण झाला, तर एच १६.०. व्रण भरला पण फूल राहिले, तर एच १७. कुसळापासून फुलापर्यंतची ही वाट कधी कधी काही आठवड्यांत संपते. प्रत्येक टप्प्यावर नेमके काय झाले हे कागदावर असेल, तर पुढचा डॉक्टर ती वाट अडवू शकतो.

नागिणीचा चुलतभाऊ असलेल्या हर्पिसच्या विषाणूमुळे दाह झाला, तर आकडाच बदलतो, बी ००.५ होतो. हा फरक कारकुनी नाही. पाचटाच्या माराने होणारा दाह पुष्कळदा बुरशीचा असतो. त्याला बुरशीवरचेच थेंब लागतात, जंतूंवरचे प्रतिजैविक तिथे काम करत नाही. आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब बुरशीला किंवा हर्पिसला खतपाणी घालतात. चार दिवस लाली कमी होते, घरचे निर्धास्त होतात आणि आत व्रण खोल जात राहतो.

डॉक्टरांनी कागदावर केवळ 'केरॅटायटिस' लिहिले, तर आकडा भरणाऱ्याला कारण तर्काने घालता येत नाही. तो एच १६.९ लिहितो, म्हणजे 'तपशील नाही'. शिवाय दहाव्या आवृत्तीच्या मूळ आकड्यात डोळा उजवा की डावा हे येतच नाही. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणलेल्या आपल्या आवृत्तीत त्यासाठी जादा अंक जोडले, उजव्याला १, डाव्याला २, दोन्हींना ३. आपल्याकडे ते शब्दांतच लिहावे लागते. इथे आणखी एक खोच आहे. 'ओडी' ही अक्षरे लॅटिनमध्ये उजवा डोळा दाखवतात आणि औषधाच्या चिठ्ठीवर तीच 'दिवसातून एकदा' असेही सांगतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे, 'उजवा की डावा ते पूर्ण शब्दांत लिहाल का?' यात त्यांचा अपमान नाही. औषधांची नावे वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे २०१६ पासून नियमातही आहे.

चांगल्या केसपेपरवर पाच गोष्टी असतात. कोणता डोळा, कशाने व केव्हा लागले, दृष्टी किती (६/६०, ६/१८ अशी), व्रणाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि खरवडून घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीत काय निघाले. आधी घातलेले थेंब ही सहावी गोष्ट. ती डॉक्टरांना आपण सांगायची असते. एरंडेल, मध, अंगावरचे दूध घातले असेल तर तेही न लाजता सांगावे.

आपल्या भागातला रुग्ण गावच्या दवाखान्यातून बेळगावला, तिथून मिरजेला नाहीतर हुबळीला जातो. वाटेत भाषा बदलते, राज्य बदलते. आज्जी कन्नडमध्ये सांगते, नातू मराठीत समजावतो, डॉक्टर इंग्रजीत लिहितात. या सांगासांगीत 'एडगण्णु' म्हणजे डावा डोळा हे हरवू नये, म्हणून कागद हवा. मिरजेत एच १६.० चा जो अर्थ, तोच हुबळीत.

विम्याच्या फॉर्मचा दुसरा भाग रुग्णालयाने भरायचा असतो आणि त्यात आजाराच्या आकड्याचे रकाने असतात. सही होण्यापूर्वी तो आकडा आणि केसपेपर जुळतात का, हे घरातल्या शिकलेल्या माणसाने पाहावे. 'तपशील नाही' असा आकडा दिसला तर विचारावे. दाखल झालेल्या रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम सांगतो. तीन वर्षे ती जपून ठेवण्याचे बंधनही त्यातच आहे.

येत्या हंगामात पाचटाला हात घालण्यापूर्वी डोळ्यांवर चष्मा चढवावा, हे पहिले. तरीही काही लागले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. आणि दवाखान्याची पायरी उतरण्यापूर्वी हातातला कागद एकदा वाचून घ्यावा.