विश्लेषण : वळणाआधीचे आडवे पट्टे वेग खरेच कमी करतात का?

कुपवाड औद्योगिक वसाहतीतून पुण्याला निघालेला मालट्रक सांगली, आष्टामार्गे पेठनाक्याला पुणे-बंगळूरु महामार्गावर येतो. साताऱ्यापुढे खंबाटकीचा बोगदा ओलांडला, की उतारावर कुप्रसिद्ध ‘एस’ वळण लागते. तेथेच १० एप्रिल २०१८ रोजी पहाटे मजुरांचा टेम्पो उलटून १८ जणांचा मृत्यू झाला. अशा वळणांआधी मारल्या जाणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा उपयोग काय आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या?

वळणावर वेग घात का करतो?

वाहनाला वळणाबाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८०ने वळण घेतले तर वेग ३३ टक्के वाढतो, पण हा जोर तब्बल ७८ टक्के वाढतो. उंचावर माल भरलेले वाहन घसरण्याआधीच कलंडू शकते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार, २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले.

पट्टे नेमके काय करतात?

सरळ महामार्गावर बराच वेळ वेगात गाडी चालवल्यावर चालकाला तो वेग जाणवेनासा होतो. म्हणून वळणाआधी आडवे पट्टे मारताना त्यांच्यातील अंतर टप्प्याटप्प्याने कमी केले जाते. गाडीचा वेग तोच असला तरी पट्टे अधिक भरभर मागे जाऊ लागतात. आपला वेग वाढतोय असे चालकाला वाटते आणि पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला जातो.

रम्बलरचे काम वेगळे. थर्मोप्लास्टिकचे जाड थर चाकाखाली खडखडतात आणि पेंगुळलेल्या चालकालाही जागे करतात.

याचा परिणाम कुठे दिसला?

ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापासून गोल चौकांआधी पिवळे आडवे पट्टे मारले जातात. अमेरिकेत शिकागोच्या लेक शोअर ड्राइव्हवरील धोकादायक वळणावर २००६मध्ये जवळजवळ येत जाणारे पट्टे आखल्यावर पुढील सहा महिन्यांत अपघात ३६ टक्क्यांनी घटले. मुंबईत वडाळ्याला हीच युक्ती रेल्वेरुळांवर वापरली गेली. रूळ ओलांडणाऱ्यांना येणाऱ्या गाडीचा वेग कळावा म्हणून ठरावीक अंतरावरील स्लीपर पिवळे रंगवण्यात आले.

मर्यादा कोणत्या?

पट्टे चालकाच्या मनावर काम करतात, ब्रेकवर नाही. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी उतारावरून आलेल्या ट्रकने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. अशा बेकाबू वाहनापुढे रंग हतबल ठरतो. रोजच्या चालकाला पट्ट्यांची सवय होते. अवजड वाहतुकीने ते झिजतात. रंगातील काचेचे बारीक मणी निघून गेले की रात्री पट्टे चमकत नाहीत. गुळगुळीत झालेला रंग पावसात दुचाकी घसरवू शकतो. रम्बलरचा आवाज आसपासच्या वस्तीला सोसावा लागतो. वळणाला अगदी खेटून मारलेले पट्टे तर उपयोगाचेच नाहीत, कारण वेग कमी करायला अंतरच उरत नाही.

मग खरा उपाय कोणता?

वळणच सौम्य करणे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार ताशी ८० किलोमीटर वेगासाठी वळणाची त्रिज्या सुमारे २३० मीटर, तर १००साठी ३६० मीटर लागते. खंबाटकीत ‘एस’ वळण टाळण्यासाठी जुळ्या बोगद्यांसह ६.४३ किलोमीटर लांबीचा सहापदरी प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याचा खर्च सुमारे ९२६ कोटी रुपये. मात्र प्रत्येक वळणासाठी डोंगर फोडणे शक्य नाही. तेथे पट्टे हाच सर्वात स्वस्त उपाय. पण वेगमर्यादेचा फलक, बाणांचे दिशादर्शक, भक्कम कठडा, वेग टिपणारे कॅमेरे आणि दर पावसाळ्यानंतर पट्ट्यांची पुन्हा रंगरंगोटी ही जोड हवी. ती नसेल तर पट्टे केवळ कंत्राटाच्या बिलात दिसतात, चालकाला नाही.