सोयीच्या कमलाबाई

जून महिना आला की आमच्या घरच्या ग्रुपवर कमला सोहोनी येतात. २०२३ साली १८ जूनला गूगलने त्यांचं चित्र लावलं, तेव्हापासून तर नेमाने. मजकूर ठरलेला. १९३३ साली रसायनशास्त्राची पदवी घेऊन बंगळूरला गेलेली मुलगी, "बायकांना प्रवेश नाही" म्हणणारे सर सी. व्ही. रामन, मुलीचा हट्ट, प्रवेश, मग केंब्रिज आणि पीएचडी. खाली नमस्कार, फुलं, आणि "जिद्द असावी तर अशी!"

यंदा मात्र माझं डोकं फिरलं. का, ते शेवटी सांगतो. आधी माझं भांडण ऐका.

ही गोष्ट खोटी नाही. अर्धी आहे, आणि नेमकी सोयीची अर्धी आहे. रामन यांनी प्रवेश दिला तो अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं, आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये! वर्षभराने त्यांचं समाधान झालं आणि पुढे मुलींना दार उघडलं. म्हणजे खलनायक सुधारला, नायिका जिंकली, पडदा पडला. ऐकणाऱ्याला काहीच करायचं उरत नाही. रामन कधीच गेले, त्यांना नावं ठेवायला आपलं काय जातं?

पण पडद्यानंतरचं कोण सांगतं? केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम केलं. पेशी श्वसन करते तेव्हा इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. त्या साखळीतलं 'सायटोक्रोम सी' वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. चौदा महिन्यांत काम पुरं, प्रबंध अवघा चाळीस पानांचा. १९३९ साली भारतात परत. दिल्लीचं लेडी हार्डिंग, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ साली लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञानसंस्था. तिथे विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी डाळी तपासल्या, भाताचं पीठ तपासलं आणि नीरा तपासली. परदेशातल्या मासिकांना भुरळ पडावी असे हे विषय नव्हेत. गरिबाच्या ताटात काय पडतं, त्यातून त्याला काय मिळतं, हा प्रश्न होता. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह आहे, आणि ती आटवून गूळ केला तरी त्यातलं बरंच टिकतं, हे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा उपयोग होतो, हेही. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. आपल्या फॉरवर्डमध्ये नीरेचा थेंबसुद्धा नाही!

आणि हेही नाही, की याच बाईंना संस्थेचं संचालकपद मिळायला चार वर्षं उशीर झाला. हे काही १९३३ सालचं नाही. देश स्वतंत्र झालेला, बाई केंब्रिजच्या पीएचडी, नावावर शोधनिबंध, हाताखाली तयार झालेले विद्यार्थी. आता सिद्ध करायचं काय उरलं होतं? इथे रामनसारखा एक माणूस बोट दाखवायला सापडत नाही. इथे खोळंबा करणारे आपल्यासारखेच सभ्य, नेमस्त लोक असतात. म्हणून हा भाग आपण गाळतो.

तिसरी गाळलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कमलाबाईंचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघेही त्याच बंगळूरच्या संस्थेतून शिकलेले. मोठी बहीण दुर्गाबाई भागवत. "मुलगी इतकं शिकून काय करणार?" असं त्या घरात विचारणारं कोणी नसावं. बंगळूरला श्रीनिवासय्यांसारखा मनापासून शिकवणारा गुरू मिळाला. रामनसमोर हटून बसलेल्या त्या मुलीच्या मागे एक घर होतं. "जिद्द असावी तर अशी" म्हणताना आपण ते घर पुसून टाकतो. मग जिची जिद्द कमी पडली तिचाच दोष, नाही का?

आता डोकं का फिरलं ते. माझी धाकटी बहीण जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, पीएचडीला नाव नोंदवलं. दुसऱ्या वर्षी बाळ झालं. रात्री प्रयोगशाळेत थांबावं लागे. तेव्हा आपण सगळ्यांनी, प्रेमानेच, तिला समजावलं. "आत्ता राहू दे, नंतर कर." मावशी बोलली, काका बोलले. सगळ्यात गोड शब्दांत मी बोललो, कारण ती माझं ऐकते. बाळाला आठवड्यातले दोन दिवस सांभाळतो, असं मात्र कोणीच म्हणालं नाही. मीही नाही. तिचं 'नंतर' आलंच नाही.

यंदा कमलाबाईंचा फॉरवर्ड मीच टाकला होता. तिने खाली एवढंच लिहिलं, "दादा, छान आहे."

रामन यांनी निदान वर्षभराने आपलं मत बदललं. आपण दरवर्षी फक्त फॉरवर्ड बदलतो.

१९९८ साली, वयाची ८५ ओलांडल्यावर, दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कमलाबाईंचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. कौतुकाला उशीर करण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

तर मंडळी, पुढच्या जूनमध्ये ग्रुपवर काही टाकू नका. आपल्या घरात आता बारावीला दोन मुली आहेत. त्यांच्यातली एखादी उद्या "रात्री प्रयोगशाळेत थांबावं लागेल" म्हणाली, तर तिला न्यायला-आणायला कोण जाईल, तेवढं आत्ताच ठरवू. पहिलं नाव माझं लिहून ठेवा.