भाव चढला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही

‘सोयाबीन ठेवलं तो शहाणा, विकलं तो खुळा,’ असा निवाडा 2021 साली सोयाबीनच्या पट्ट्यात सर्रास दिला गेला. आदल्या दिवाळीला चार हजारांच्या आसपास गेलेला माल ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांवर पोचला होता. त्या भरवशावर पुढच्या हंगामांत अनेकांनी पोती थोपवून धरली आणि भाव उतरत गेले. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता; खुल्या बाजारात तेवढेही मिळेनात. मग निवाडा फिरला: ‘ठेवलं हीच चूक.’

दोन्ही निवाडे मला अमान्य आहेत. 2020 च्या दिवाळीत मानोरा तालुक्यातल्या इंझोरीच्या एखाद्या शेतकऱ्याने पेरणीची उधारी फेडायला माल विकला असेल, तर त्याने काय चूक केली? पुढचे दहा हजार त्याला दिसणार कुठून? ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, तीही कुणाच्या हिशेबात नव्हती.

यावर ‘पोट निकालानं भरतं, कारणांनी नाही,’ असं म्हटलं जातं. एका हंगामापुरतं ते खरंच आहे. पण शेतकऱ्याला पुढच्या वर्षीही पेरायचं असतं. नशिबाने मिळालेल्या पैशाला अक्कल समजलं, की तोच डाव दुप्पट मालावर खेळला जातो. घरं बुडतात ती तिथे.

मग निर्णय पारखायचा कशावर? त्या दिवशी हाताशी असलेल्या हिशेबावर. समजा, 14 टक्के ओलाव्याच्या मालाला आज 4,000 रुपये मिळताहेत. तो 10 टक्क्यांपर्यंत वाळला की क्विंटलमागे सुमारे साडेचार किलो वजन घटतं. पणन मंडळाच्या तारण योजनेत किमतीच्या 75 टक्के, म्हणजे 3,000 रुपये, 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळाले, तर व्याज 90 रुपये. म्हणजे भाव 4,280 च्या वर गेला तरच थांबण्यात अर्थ. हमाली, बारदाना, वाहतूक वेगळी. हा आकडा समोर असला की उधारीपुरता माल आज विकावा आणि उरलेला तारण ठेवावा, असा मधला रस्ताही दिसतो. सगळं विकणं किंवा सगळं ठेवणं, एवढेच दोन पर्याय कुणी घातले आपल्यापुढे?

हर्बर्ट सायमन यांना 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठी. माणसाकडे माहिती अपुरी आणि वेळ थोडा, म्हणून सर्वोत्तमाच्या मागे न लागता तो पुरेसं चांगलं निवडतो, हे त्यांनी मांडलं. इंझोरीच्या खळ्यावरही हेच चालतं.

शेतकरी कंपन्यांत तर निकालपूजा जास्तच घातक. भाव पडला की व्यवस्थापकावर खापर फुटतं. मग पुढच्या खेपेला तो काहीच ठरवत नाही, अध्यक्षांच्या फोनची वाट पाहतो. प्रोसिडिंग बुक उघडून पाहा: ‘चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ चर्चा काय झाली, कोणता भाव धरला, कुणाचा विरोध होता, याबद्दल एक ओळ नाही. वर्षाने तपासायचं काय?

संचालकांना माझी एवढीच विनंती आहे: या हंगामात विक्रीचा ठराव लिहाल, तेव्हा त्याखाली त्या दिवसाचा भाव, मालाचा ओलावा, व्याजाचा आकडा आणि थांबण्याची शेवटची तारीख लिहा, आणि विरोध करणाऱ्याचं म्हणणंही त्याच पानावर नोंदवा.