अग्रक्रमाचे मोल आणि अहंकाराची किंमत

अमेरिकी पद्धतीच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड दरवर्षी ठरावीक क्रमाने होते. १९३६ साली सुरू झालेल्या या पद्धतीत मागील हंगामात तळाला राहिलेल्या संघाला प्रथम निवडीचा मान मिळतो, तर विजेत्याची पाळी सर्वांत शेवटी येते. दुबळ्याने सबळ व्हावे, हा त्यामागील हेतू. हेतू स्तुत्य खरा. परंतु तो कितपत सफल होतो?

निवडीच्या पाळ्यांची संघांना आपसांत देवघेव करता येते. १९९९ साली न्यू ऑर्लिन्सच्या संघाने रिकी विल्यम्स या एकाच खेळाडूसाठी त्या वर्षीच्या आपल्या साऱ्या पाळ्या आणि पुढील वर्षाची पहिली व तिसरी पाळी वॉशिंग्टनला देऊन टाकली. त्या हंगामात संघाने सोळांपैकी तेरा सामने गमावले आणि प्रशिक्षकाला पद सोडावे लागले. संघ इतका घसरला, की देऊन टाकलेली पहिली पाळी २००० साली दुसऱ्या क्रमांकाची ठरली! उलट त्याच २००० साली १९९व्या क्रमांकावर, म्हणजे इतरांनी जवळजवळ दोनशे वेळा डावलल्यावर, निवडला गेलेला टॉम ब्रेडी पुढे त्या खेळाचा महानायक झाला.

याला केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी अशा देवघेवींचा पद्धतशीर अभ्यास करून २००५ साली आपले निष्कर्ष मांडले. एकाच जागेवर खेळणाऱ्या व लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला अधिक चांगला ठरण्याची शक्यता नाणेफेकीहून किंचितच अधिक असते. तरीही वरच्या पाळीसाठी संघ अवाच्या सवा किंमत मोजतात. वेतन वजा जाता खरा लाभ पहिल्या पाळीपेक्षा दुसऱ्या फेरीतील खेळाडू अधिक देतात, असे त्यांना आढळले. तळाच्या संघाला मिळालेले वरदान अशा रीतीने शाप ठरते.

कारणे मानवी स्वभावात आहेत. धावण्याचे सेकंद मोजले, चित्रफिती पाहिल्या, मुलाखती घेतल्या, की परीक्षकाचा आत्मविश्वास वाढतो. अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. आपल्याला भावलेला खेळाडू सर्वांनाच हवा असणार, असे प्रत्येकाला वाटते. शिवाय ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच सर्वाधिक किंमत देतो. मग पश्चात्तापही त्याच्याच वाट्याला येतो.

कोट्यवधी डॉलर पणाला लागले, की माणूस आपोआप विवेकी होतो, ही अर्थशास्त्राची जुनी श्रद्धा येथे डळमळते. २०११ च्या करारात नवोदितांच्या वेतनाला मर्यादा घातल्याने वरच्या पाळीचा भार बराच हलका झाला. पण नियमाने वेतन आवरता येते, अहंकार आवरता येत नाही. भविष्य आपल्याला पुरते कळत नाही, हे मान्य करून एका ‘रत्ना’ऐवजी अनेक संधी पदरात पाडून घेणे, यातच शहाणपण आहे. दुबळ्याला संधी देणे व्यवस्थेच्या हाती असते; ती संधी अभिमानापायी उधळायची की नाही, हे मात्र त्यालाच ठरवावे लागते.