झाडगावचा न झालेला कारखाना

परळ-लालबागच्या गिरण्यांत घाम गाळला तो बराचसा रत्नागिरीच्या चाकरमान्यांनी. १९८२च्या संपानंतर त्यांच्या मनीऑर्डरी आटल्या. त्यानंतर दहा वर्षांनी कारखानाच आपणहून दारात आला, तर आम्ही त्याला परत धाडला! १९९२ साली रत्नागिरीतल्या झाडगावच्या औद्योगिक क्षेत्रात स्टरलाइट कंपनीला सुमारे ५०० एकर जमीन मिळाली, तांबं गाळायला. त्यात सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो ऐन मोहरावर उतरला तर हापूसचं काय, सांडपाणी खाडीत गेलं तर मासळीचं काय, असं विचारत बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर आले. १९९३मध्ये बांधकाम अर्ध्यावर थांबलं. प्रकल्प तमिळनाडूत तुतुकुडीला गेला. तिथे मे २०१८मध्ये आंदोलकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १३ माणसं गेली, मग कारखान्याला टाळं लागलं. ‘बघा, आम्ही वेळीच ओळखलं,’ असं इथे अजून ऐटीत सांगतात. सांगावंच, ती ऐट कमावलेली आहे. फक्त सांगणाऱ्याला मुलगा कुठे असतो ते विचारू नये. तो पुण्याला, नाहीतर चाकणला कंपनीत असतो.