मोबाइलच्या कुलपाला वारस कोण?

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. ओळख पटवणेही कठीण झाल्याने बहुतेकांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. असा अवचित मृत्यू घरच्यांना काही विचारायला, सांगायला वेळ देत नाही. मागे राहतात ते व्यवहार. विम्याची पावती, बँकेचे संदेश, मुलाबाळांचे फोटो आता मोबाइलमध्येच असतात.

सातबाऱ्यावर वारस लावायला कुठे जायचे, हे गावात कुणीही सांगेल. मोबाइलला मात्र असा फेरफार नाही.

याचे कारण तंत्रात आहे. आजच्या फोनमधील माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते. ती उलगडणारी किल्ली आपला पिन आणि त्याच फोनच्या चिपमधील गुप्त आकडा यांच्या मेळातून तयार होते. म्हणून दुरुस्तीवाला पडदा बदलून देतो, पण माहिती सहसा काढून देऊ शकत नाही. बोटाच्या ठशाचाही भरवसा नाही; बंद पडलेला फोन सुरू झाला की आधी पिनच मागतो. अंदाजाने पिन टाकत राहिल्यास थांबण्याचा वेळ वाढत जातो आणि काही फोनमध्ये दहा चुकांनंतर सगळेच पुसण्याची सोय असते. तेव्हा अंदाज लढवू नये, फोन रिसेट करू नये आणि सिमकार्ड लगेच बंद करू नये.

खरा उपाय हयातीतच करायचा असतो. गुगलच्या ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये खाते ठरावीक महिने वापरात नसल्यास कोणाला काय द्यायचे, हे नोंदवता येते. अॅपल आणि फेसबुकवर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे.

पैशांची गोष्ट वेगळी. मृताच्या फोनवरून यूपीआयने रक्कम वळती करणे उद्या भाऊबंदकीला आणि पोलीस तक्रारीला निमंत्रण देऊ शकते. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेतच जावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येतात.

फोनमधले सगळेच घरच्यांनी वाचावे, असे प्रत्येकाला वाटत नाही, आणि ती इच्छाही रास्तच आहे. म्हणूनच काय द्यायचे नि काय पुसायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. बँकेचे पिन वगळून फोनचा पिन, ईमेलचा पत्ता आणि विम्याची यादी एका बंद पाकिटात घालावी. ते पाकीट सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवावे आणि ते तिथे आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला आजच सांगावे.